वाळ्याच्या माथी मारलेले विष



आज मी ज्या सापाविषयी बोलणार आहे तो सहसा वीतभरही लांब नसतो. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की तो न्हाणीत, मोरीच्या तोंडाशी, कुंडीखाली, उकिरड्याच्या कडेला दिसू लागतो आणि बहुतेक वेळा दिसताक्षणीच मारला जातो. त्याला आपण वाळा म्हणतो. कोणाला तो नागाचे पिल्लू वाटतो, कोणाला कानात शिरणारा साप वाटतो. तो विषारी आहे, यावर मात्र या सर्वांचे एकमत असते. हे एकमत चुकीचे आहे, एवढेच सांगायचे असते तर एका पत्रकानेही काम भागले असते. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. वाळ्याला विषारी मानल्याची किंमत एकटा वाळा मोजत नाही. शेतात राबणारी, जमिनीवर अंथरूण टाकून झोपणारी माणसेही ती मोजतात. आणि मोजतात ती मण्यार, नाग, घोणस यांचा दंश होतो त्या रात्री. एका निरुपद्रवी सापाबद्दलचा गैरसमज दुसऱ्या सापाच्या दंशात माणसाचा जीव कसा घेतो, हे टप्प्याटप्प्याने दाखवण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

आधी हा प्राणी नीट पाहू. आपल्याकडचा नेहमीचा वाळा १० ते १५ सेंटिमीटर लांब असतो आणि त्याची जाडी तीन-चार मिलिमीटर भरते. रंग काळपट किंवा तपकिरी, पोटाकडे किंचित फिका. अंगावरचे खवले इतके गुळगुळीत आणि एकमेकांवर इतके घट्ट बसलेले असतात की ओल्या चिखलातून वर आला तरी त्याच्या अंगाला माती चिकटत नाही. इतर सापांच्या पोटाखाली रुंद आडवे खवले असतात. वाळ्याला ते नसतात; पाठीवर आणि पोटावर सारखेच बारीक खवले, शरीराभोवती मोजले तर २० रांगा. डोके आणि मान यांत फरक दिसत नाही. डोळे म्हणजे खवल्याखाली दडलेले दोन काळे ठिपके. त्यांना उजेड-अंधाराचा भेद कळतो, त्यापलीकडे फारसे काही दिसत नाही. तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला आत ओढलेले असते, म्हणजे माती उकरत पुढे सरकताना ती तोंडात जात नाही. शेपूट आखूड, बोथट, आणि तिच्या टोकाला एक बारीकसा काटा. हातात धरला की वाळा हाच काटा बोटावर टेकवतो, कारण जमिनीखाली पुढे रेटा घेण्यासाठी तो त्याच्या उपयोगाचा असतो. टोचल्यासारखे वाटते आणि माणूस दचकून त्याला टाकून देतो. ‘वाळा चावला’ असे सांगितले जाते त्यातल्या अनेक प्रसंगांत एवढेच घडलेले असते. तिथे ना दात लागलेला असतो, ना कातडी फाटलेली असते.

गांडुळाशी होणारी गल्लत काही क्षण निरखले तर मिटते. गांडुळाचे अंग बुळबुळीत असते, त्यावर वळ्या दिसतात, आणि ते आखडत-ताणत चालते. वाळा कोरडा आणि चकाकता असतो, सापासारखाच वळणे घेत सरकतो आणि मधूनच इवलीशी दुभंगलेली जीभ बाहेर काढतो.

आता चावण्याचा प्रश्न. वाळ्याच्या कुळातल्या सापांना दात असतात ते फक्त वरच्या जबड्यात, आणि जबड्याची ती हाडे आतबाहेर वेगाने हलतात. मुंग्यांची आणि उधईची अंडी, अळ्या, कोष पटापट तोंडात ओढून घेण्यासाठी ही सारी रचना आहे. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी याच जातीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. उधई खाताना हा साप काही वेळा तिचे शरीर गिळू लागतो आणि डोके जमिनीवर घासून तोडून टाकतो, असे त्यांना दिसले. उधईच्या डोक्याचा कठीण भागही टाळावासा वाटणारे हे तोंड आहे. ते माणसाच्या कातडीची चिमूटही पकडू शकत नाही. विषग्रंथी नाही, विषदंत नाही. त्रास दिला तर तो दुर्गंधी स्राव सोडतो, आणि त्याच्याकडचे बचावाचे साधन तिथेच संपते.

याहून मोठा पुरावा या सापाच्या प्रवासात आहे. विशाखापट्टणम परिसरातून मिळालेल्या या सापाची नोंद पॅट्रिक रसेल यांनी १७९६ च्या आपल्या भारतीय सापांवरील ग्रंथात केली. रसेल पेशाने वैद्य आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले निसर्गअभ्यासक होते. विषारी आणि बिनविषारी साप वेगळे ओळखता यावेत, ही त्या ग्रंथामागची एक प्रेरणा होती. १८०३ मध्ये दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले. आजचे नाव इंडोटिफ्लॉप्स ब्रॅमिनस. त्यानंतर रोपांच्या कुंड्यांमधल्या मातीतून हा साप जगभर गेला. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, सेशेल्स, हवाई, मेक्सिको, फ्लोरिडा, असा त्याचा पसारा आज आहे. एवढ्या दूरवर तो पोहोचू शकला, कारण या जातीत नर सापडत नाहीत. सगळ्या माद्या. गुणसूत्रांचे नेहमी दोन संच असतात तिथे हिच्यात तीन, एकूण ४२. मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्यांतून तिच्यासारख्याच माद्या जन्मतात. नेमाने केवळ अशाच पद्धतीने वंश चालवणारी सापांची ही एकमेव ज्ञात जाती आहे. एका कुंडीत एक वाळा गेला तरी नव्या बेटावर वसाहत उभी राहू शकते. आता विचार करा, जो साप जगातल्या सर्वांत दूरवर पसरलेल्या सापांत मोडतो, दाट वस्तीच्या शहरांत, घरांच्या अंगणांत, बागेत खेळणाऱ्या मुलांच्या हाताशी पिढ्यान्‌पिढ्या राहतो, तो विषारी असता तर वैद्यकशास्त्राच्या नजरेतून सुटला असता का? होनोलुलू आणि मायामीच्या बागांत हा निरुपद्रवी आणि शेगावच्या न्हाणीत तेवढा प्राणघातक, असे तर होऊ शकत नाही.

तो आपल्या घरात येतो यालाही कारण आपल्या पायाखालीच आहे. शेगावभोवतीच्या पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात फाटते, खोल भेगा पडतात. पाऊस लागला की तीच जमीन फुगते, भेगा मिटतात, मुंग्यांच्या आणि उधईच्या बिळांत पाणी शिरते. जमिनीखाली राहणाऱ्या जिवाला वर येण्यावाचून इलाज उरत नाही. वर आल्यावर तो ओल शोधतो, आणि घरातली ओल न्हाणीत असते. नागपंचमीला नांगर धरू नये, जमीन खणू नये, हा आपल्याकडचा जुना नियम आहे. भर पावसाळ्यात जमिनीखालच्या जिवाची हालचाल असते याची जाण त्यात दिसते. पण त्या दिवशी हात जोडले जातात ते नागाला. वाळा त्या आदरात येत नाही.

नागाचे पिल्लू हा समज तर पाहताच खोडता येतो. नागाचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हाच साधारण पाऊण ते एक फुटाच्या घरात असते, त्याचे डोळे स्पष्ट दिसतात आणि डिवचले तर ते पहिल्या दिवसापासून फणा काढते. कानात शिरण्याच्या समजाचेही तसेच. माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, आणि तिच्या शेवटी पडदा. तिथे ना माती, ना मुंग्यांचे घरटे. वाळ्याला तिथे जाण्याचे कारणच नाही.

इथपर्यंत मान्य करूनही एखादा विचारील की बरे, वाळा निरुपद्रवी आहे, पण लोकांनी त्याला विषारी मानले तर माणसाचे काय बिघडले? माझ्या मांडणीचा गाभा इथे आहे. आपल्याकडे ‘पान लागले’, म्हणजे साप चावला, की विष उतरवणाऱ्या मांत्रिकाकडे जाण्याची रीत होती आणि ती पूर्ण गेलेली नाही. या माणसाची कीर्ती कशावर उभी राहते ते पाहा. भारतात सापांच्या ३०० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य माणसाला अपाय करू शकत नाहीत. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. म्हणजे मांत्रिकाकडे येणाऱ्या रुग्णांत कितीतरी जण असे असतात की जे काहीही न करता बरे होणारच असतात. त्या सगळ्यांचे श्रेय मंत्राला मिळते. ज्यांना खरोखर विषबाधा झालेली असते त्यांच्याबाबत ‘उशिरा आणले’, ‘घटका भरली होती’ अशी उत्तरे तयार असतात. यश नावावर जमा आणि अपयश दैवावर, अशी ही वही आहे. या वहीतली सर्वांत खात्रीची जमा बाजू म्हणजे वाळा. ज्याच्या दंशाने कधी कोणी मरू शकत नाही त्या सापाला गावाने आधीच जहाल विषारी ठरवलेले असेल, तर त्याच्या ‘दंशा’तून वाचलेला प्रत्येक माणूस मंत्राचा चालता-बोलता पुरावा होतो. तो खोटे बोलत नाही. त्याला खरोखर वाटते की आपण मरता मरता वाचलो. म्हणूनच त्याची साक्ष कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त चालते. पुढे त्याच घरातल्या मुलाला अंथरुणात मण्यार चावते तेव्हा घरची माणसे त्या साक्षीवर विसंबून मौल्यवान तास घालवतात.

मण्यारीचे उदाहरण मी मुद्दाम घेतो. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि दंशाची जागा सुजत नाही, फारशी दुखतही नाही. खूण शोधूनही सापडू नये अशी बारीक असते. काही तासांत पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि मग श्वास थांबू लागतो. या वेळी हवे असते ते प्रतिविष आणि गरज पडली तर श्वासाला यंत्राचा आधार. गंडादोरा बांधून वाट पाहण्यात जातो तो नेमका हाच वेळ.

उपचाराविना जीव जाण्याची ही भीती किती मोठ्या प्रमाणावर खरी ठरते याचे आकडे आपल्यासमोर आहेत. देशभरातील मृत्यूंच्या कारणांचा वेध घेणाऱ्या पाहणीवर आधारलेला एक निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००५ या एका वर्षात भारतात सुमारे ४५,९०० माणसे सर्पदंशाने गेली. त्यांतले ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते, आणि आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात झालेले मृत्यू होते अवघे २३ टक्के. उरलेल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक माणसांचा प्राण गेला तेव्हा ती कोणत्याही दवाखान्यात नव्हती. २०२० च्या पुढच्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळातील मृत्यूंचा अंदाज सुमारे १२ लाखांवर नेला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा म्हणून नोंदवलेला आहे. कायदा योग्यच आहे. पण तो लागू होतो रोखणाऱ्याला. आपल्या पायांनी, श्रद्धेने, वाचलेल्या शेजाऱ्याचा दाखला घेऊन जाणाऱ्याला कायदा अडवू शकत नाही. तिथे तो दाखलाच तपासून पाहावा लागतो, आणि ती तपासणी वाळ्यापासून सुरू होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: भीती असलेली बरी. सगळेच साप विषारी मानले तर माणूस जपून राहील. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे. सगळ्या सापांची सरसकट भीती आपल्याकडे काही कमी नाही, तरीही वर्षाला ५८ हजार माणसे जातात. भीतीने माणूस काठी उचलतो, पण रात्री बॅटरी घेऊन बाहेर पडत नाही. दक्षिण-पूर्व नेपाळमधील २००७ च्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी आढळला. मच्छरदाणीचा हा उपयोग कळायला साप रात्री अंथरुणात का येतो हे ठाऊक असावे लागते; साप भयंकर असतो एवढे ठाऊक असून भागत नाही. ज्येष्ठ-आषाढात शेगावहून पंढरपूरला पायी निघणाऱ्या वारकऱ्यांचा मुक्काम अनेकदा जमिनीवरच असतो. त्यांना खाली अंथरलेल्या ताडपत्रीची आणि कडेने खोचलेल्या मच्छरदाणीची माहिती जितकी उपयोगी पडेल तितकी भीती पडणार नाही. शिवाय सापाला मारायला जाणे हाच दंशाचा एक मोठा प्रसंग असतो. न्हाणीतल्या वाळ्यावर काठी उगारायची सवय लागलेला हात उद्या गोठ्यातल्या घोणसीवरही तशीच उगारतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. लोकांना वाळा ओळखायला शिकवाल, आणि कोणी मण्यारीचे पिल्लू वाळा समजून हातात घेईल, मग? हा धोका मी हलका मानत नाही. बिनविषारी कवड्या साप आणि विषारी मण्यार यांच्यात जाणत्यांचीही गल्लत होते. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवर मोठे षटकोनी खवले असतात, पण ते बघायला जितके जवळ जावे लागते तितके जवळ कोणी जाऊच नये. म्हणून ओळखण्याचा नियम आणि हात लावण्याचा नियम वेगळे ठेवले पाहिजेत. हात कोणत्याच सापाला लावायचा नाही, वाळ्यालाही नाही. तो जाड कागदावर किंवा सुपलीत घ्यावा आणि बाहेर ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली सोडावा. जरा शंका असली तर दूर राहावे आणि सर्पमित्राला बोलवावे. ओळखीचा उपयोग इथे हाताळण्यासाठी नाहीच. ज्या माणसाला वाळ्याचा काटा टोचला आहे त्याला कोणी ‘तुझे विष उतरवले’ असे सांगितले, तर ते खोटे आहे हे त्याच्या घरात एकाला तरी ठाऊक असावे, एवढ्यासाठी ती हवी. दंशाबद्दल संशय असेल तर साप कोणता याचा खल घरी करत बसू नये. सरळ रुग्णालयात जावे. तिथे उपचार लक्षणे पाहून ठरतात. साप मारून सोबत न्यावा लागत नाही. बिनविषारी दंशावर प्रतिविष देणेही बरे नव्हे, कारण त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. तो निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

तिसरा आक्षेप निसर्गप्रेमींकडून येतो, उलट्या दिशेने. वाळा उधई खातो, शेतकऱ्याचा मित्र आहे, असे सांगा म्हणजे लोक त्याला मारणार नाहीत. मी तसे सांगणार नाही. धामणीला मित्र म्हणतात ते उंदरांच्या हिशेबाने, आणि तो हिशेब डोळ्यांना दिसतो. शेतातल्या अफाट उधईपुढे वाळ्याच्या पोटात जाते ती मोजदादीत येण्यासारखी नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९८७ च्या एका अभ्यासात घुबडाच्या घरट्यात वाळ्याच्या नात्यातले जिवंत साप आढळले होते, आणि ज्या घरट्यांत ते होते तिथली पिल्ले जास्त वेगाने वाढत होती. घरट्यातले किडे ते खात असावेत. निसर्गातल्या देवघेवीचे हे सुंदर उदाहरण आहे. पण उपयोग दाखवल्याशिवाय जगू द्यायचे नाही हा निकष मला मान्य नाही, आणि आजच्या मांडणीला त्याची गरजही नाही. तसाच, वाळा नामशेष होतो आहे असा गळाही मी काढणार नाही, कारण तो होत नाही. मात्र त्याच नावाखाली मारले जाणारे दुसरेही साप आहेत. चोचीसारख्या नाकाडाचा मोठा वाळा दोन फुटांपर्यंत वाढतो आणि तो फक्त भारतीय द्वीपकल्पातच सापडतो. सह्याद्रीतले खापरखवल्या साप डोंगरांच्या लहान-लहान पट्ट्यांत अडकलेले आहेत. मांडुळाचे तर वेगळेच दुर्दैव. बोथट शेपटीमुळे त्याला दोन तोंडांचा ठरवून, धन मिळवून देणारा म्हणून त्याची चोरटी विक्री होते आणि महाराष्ट्रात त्याचे गुन्हे पुन्हा पुन्हा नोंदले जातात. जमिनीखाली राहणारे, माणसाला काहीही न करणारे हे सगळे साप आपल्या अज्ञानाच्या दोन टोकांना सापडले आहेत. एका टोकाला काठी आहे, दुसऱ्या टोकाला लोभ.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. लोक मांत्रिकाकडे जातात ते अंधश्रद्धेने कमी आणि नाइलाजाने जास्त. रात्री बारा वाजता शेतवस्तीवरून रुग्णालय गाठायचे कसे, आणि गाठले तर तिथे प्रतिविष असेल याची हमी कोण देणार? हे खरे आहे. ज्ञानाने रस्ता होत नाही आणि १०८ ची रुग्णवाहिका ज्ञानामुळे लवकर येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याचे उद्दिष्ट २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंशाची सक्तीची नोंद सुरू करण्यास सांगण्यात आले. या नोंदीत गावपातळीवर आपण एक आग्रह धरला पाहिजे. बिनविषारी दंशही लिहिला जावा, आणि रुग्णाला घरी पाठवताना ‘तुम्हाला विषबाधा झालेली नव्हती’ हे स्पष्ट शब्दांत सांगितले जावे. आज तो रुग्ण आपण वाचवले गेलो असे समजून परततो. दुसरा आग्रह असा की मृगाच्या आधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर प्रतिविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत आणि रात्री कोण हजर आहे, हे ठळक अक्षरांत लावलेले असावे. ग्रामसभेत हे दोन ठराव मांडायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत ते मांडता येतील.